पाइपची जाडी आणि खालची सही

चेंबूरला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून रात्री माहुलच्या बाजूला एक ज्योत दिसते. लहान असताना मला वाटायचं की तिथे कोणीतरी रोज होळी पेटवतं. पुढे कळलं, ती रिफायनरीची फ्लेअर आहे. जादा झालेला वायू उघड्यावर सोडून देण्यापेक्षा उंच चिमणीच्या टोकाला जाळून टाकायचा, अशी ती सोय. माहुलला अशा दोन रिफायनऱ्या शेजारी शेजारी आहेत. एक १९५४ साली सुरू झाली, दुसरी १९५५ साली. तेव्हा त्या परदेशी कंपन्यांच्या होत्या, सत्तरच्या दशकात सरकारकडे आल्या आणि आज आपण त्यांना एचपीसीएल आणि बीपीसीएल म्हणून ओळखतो.

आता जरा विचार करा. सत्तर वर्षं म्हणजे आपल्या आजी-आजोबांचं वय. आतून तापलेलं, गंधकवालं कच्चं तेल. बाहेरून खाडीची खारी हवा आणि वर मुंबईचा पाऊस. आपल्या बाल्कनीचं ग्रिल तीन पावसाळ्यांत खपली धरतं, मग हे सगळं लोखंड टिकतं कसं? सुटे भाग बदलत असतात हे खरं, पण कुठला भाग कधी बदलायचा हे कोण ठरवतं?

मी हा प्रश्न माझ्या मावसभावाला विचारला आणि तो हसायला लागला. कारण गेली नऊ वर्षं तो हेच करतोय. कोकणातल्या एका पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग एका कंत्राटदार कंपनीत टेक्निशियन, मग इन्स्पेक्टर आणि गेल्या वर्षापासून लीड इन्स्पेक्टर. म्हणजे शटडाउनमध्ये तपासणी करणाऱ्या सगळ्या टीमचा प्रमुख. आमच्या घरात मात्र अजूनही 'तो तेलाच्या कंपनीत काहीतरी करतो' एवढंच सगळ्यांना माहीत आहे. तुमच्यापैकी जे मेकॅनिकल, केमिकल, मेटलर्जीला आहेत किंवा फिजिक्स घेऊन बीएस्सी करतायत आणि 'आयटीला न जाता काय करू' या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे 'काहीतरी' नीट समजून घ्यायचं मी ठरवलं.

कामाचा गाभा पाचवीच्या गणिताएवढा आहे. समजा एका वेसलची भिंत २०१६ साली १२ मिलिमीटर जाड होती. २०२२ साली मोजली तर १०.८ भरली. सहा वर्षांत १.२ मिलिमीटर गेले, म्हणजे वर्षाला ०.२. आतला दाब सोसायला किमान ९.६ मिलिमीटर जाडी लागते असं डिझाइनचं गणित सांगतं. हातात उरले १.२, म्हणजे आयुष्य उरलं सहा वर्षं. आता नियम असा की पुढची तपासणी उरलेल्या आयुष्याच्या निम्म्या काळात किंवा १० वर्षांत, यातलं जे आधी येईल तेव्हा करायची. म्हणजे २०२५. झालं.

एवढंच असेल तर त्यासाठी माणूस कशाला, एक एक्सेल शीट पुरे की! मीही दादाला हेच म्हणाले. त्यावर त्याने विचारलं, "तो १०.८ आकडा आणला कोणी?"

तो आकडा अल्ट्रासॉनिक गेजमधून येतो. धातूवर जेल लावून प्रोब टेकवायचा, ध्वनिलहर आत जाते, पलीकडच्या पृष्ठभागावर आपटून परत येते. लागलेल्या वेळेवरून जाडी कळते. सोनोग्राफीचाच हा लोखंडी भाऊ. पण पाइप गरम असेल तर त्यातून ध्वनी सावकाश जातो आणि गेज जाडी जास्त दाखवतं, ढोबळमानाने दर ५५ अंशांमागे एक टक्का. म्हणजे चालू प्लांटमध्ये तापलेल्या पाइपवर घेतलेलं रीडिंग तुम्ही तसंच लिहिलंत, तर पाइप कागदावर धडधाकट आणि प्रत्यक्षात पातळ. भिंत फारच पातळ झाली असेल तर काही गेज चक्क दुप्पट आकडा दाखवतात. दोन मिलिमीटर उरलेत आणि स्क्रीनवर चार! ज्याला हे माहीत नाही तो खुशीत पुढे जातो.

आणि मुळात कुठे मोजायचं? एका रिफायनरीतले पाइप एकापुढे एक ठेवले तर कित्येक किलोमीटर भरतील. सगळीकडे प्रोब टेकवता येत नाही. ठरावीक जागा निवडाव्या लागतात. हा निवडीचा भाग चुकला तर काय होतं, याची एक गोष्ट या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ असते.

६ ऑगस्ट २०१२. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रिचमंड इथे शेव्हरॉनची रिफायनरी. क्रूड युनिटमधल्या आठ इंची पाइपमधून गळती सुरू झाली. सुरुवातीला फक्त थेंब पडत होते. युनिट चालूच ठेवलं गेलं आणि गळती नेमकी कुठे आहे हे पाहायला पाइपवरचं इन्सुलेशन काढायचं काम सुरू झालं. तेवढ्यात पाइप फाटला. तापलेल्या तेलाच्या वाफेचा पांढरा ढग पसरला आणि त्यात १९ कर्मचारी सापडले. अठरा जण पेट घेण्याआधी बाहेर पडले. एकोणिसावा अग्निशमन दलाचा माणूस बंबाच्या आत होता, ज्वाळांनी वेढला गेला आणि तरीही वाचला. माणसं मेली नाहीत हे नशीब. पण धुराचा लोट आजूबाजूच्या वस्तीवर गेला आणि पुढच्या काही आठवड्यांत सुमारे १५ हजार लोक उपचारांसाठी दवाखान्यांत गेले.

अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशी केली, तेव्हा जे बाहेर आलं ते एखाद्या रहस्यकथेसारखं आहे. पाइप १९७६ चा, कार्बन स्टीलचा. तापलेल्या तेलातलं गंधक लोखंड खातं, त्याला सल्फिडेशन म्हणतात. स्टीलमध्ये सिलिकॉन पुरेसं असेल तर ही झीज हळू होते, कमी असेल तर भराभर. जुन्या काळच्या स्टीलमध्ये सिलिकॉन किती असावं यावर फारसं लक्ष नसायचं. त्यामुळे एकाच लाइनमध्ये एक तुकडा जास्त सिलिकॉनचा, त्याला लागून वेल्ड केलेला दुसरा कमी सिलिकॉनचा. बाहेरून दोन्ही सारखेच काळे. नेहमीची रीडिंग घेतली जात होती ती वळणांवर, कारण झीज वळणावर जास्त होते असा साधारण अनुभव. आणि वळणांचं स्टील नेमकं चांगलं होतं! मधला ५२ इंचांचा सरळ तुकडा कोणाच्या रोजच्या यादीत नव्हता. फाटला तोच. फाटला त्या ठिकाणी भिंतीची सुमारे ९० टक्के जाडी गेलेली होती.

पण मला रात्री झोप येऊ दिली नाही ती पुढची गोष्ट. तो तुकडा पातळ होतोय हे २००२ सालीच एका इन्स्पेक्टरच्या लक्षात आलं होतं. जवळपास एक तृतीयांश जाडी तेव्हाच गेली होती. पाइप बदलावा अशी शिफारसही लिहून ठेवली गेली. ती अमलात आली नाही. शटडाउन आले आणि गेले. म्हणजे माणसाने मोजलं बरोबर, ओळखलं बरोबर, लिहिलंही. दहा वर्षांनी पाइप फाटला.

दादाच्या मते टेक्निशियन आणि लीड इन्स्पेक्टर यांच्यातला फरक इथे आहे. टेक्निशियन आकडा आणतो. लीडला त्या आकड्याचा अर्थ लावावा लागतो आणि मग तो अर्थ, ऐकायची इच्छा नसलेल्या लोकांच्या गळी उतरवावा लागतो.

कागदपत्रांची वरात

आता तुम्ही ज्यासाठी वाचताय त्याकडे येऊ. डिग्री कुठली लागते? मेकॅनिकल चालतं, मेटलर्जी असेल तर उत्तम, केमिकलवालेही येतात. आपल्याकडे पुण्याच्या सीओईपीत आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत मेटलर्जी आहे, लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात पेट्रोकेमिकल आहे. पण डिग्री हे फक्त गेटपासचं काम करते. पुढची चढण सर्टिफिकेटांची.

पहिली पायरी एनडीटी, म्हणजे वस्तू न तोडता, न कापता तिची तपासणी. डोळ्यांनी पाहणं, रंगद्रव्य लावून भेगा शोधणं, चुंबकाने शोधणं, ध्वनीने शोधणं, रेडिओग्राफी अशा तिच्या पद्धती. प्रत्येकीच्या तीन लेव्हल. लेव्हल १ वाला देखरेखीखाली काम करतो, लेव्हल २ वाला स्वतः चाचणी घेतो आणि निकाल देतो, लेव्हल ३ वाला कार्यपद्धती ठरवतो आणि इतरांना तयार करतो. इथे एक खाच आहे. बाजारात चार-पाच दिवसांत लेव्हल २ हातात ठेवणारे क्लासेस आहेत. 'शंभर टक्के जॉब' असं त्यांच्या फ्लेक्सवर असतं. कोर्स खोटा असतो असं नाही, पण नियमाप्रमाणे लेव्हलला प्रशिक्षणाच्या तासांबरोबर प्रत्यक्ष कामाचे तासही लागतात आणि ते क्लासच्या एसी रूममध्ये मिळत नाहीत. पैसे भरण्याआधी 'अनुभवाचे तास कोण देणार आणि कोण लिहून देणार' एवढा एकच प्रश्न विचारा. समोरच्याचा चेहरा बघा.

रेडिओग्राफी मात्र वेगळंच प्रकरण. त्यात इरिडियम-१९२ सारखा किरणोत्सारी स्रोत वापरतात. त्यामुळे अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू होतात, मान्यताप्राप्त प्रशिक्षण सक्तीचं असतं आणि छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज लावावा लागतो. हे काम बहुतेक वेळा रात्री चालतं, कारण आजूबाजूची जागा रिकामी करून दोरी बांधावी लागते. दादा दोन वर्षं या कामात होता. तेव्हा मावशीला तो 'एक्स-रे काढतो' असं सांगायचा. मावशी शेजाऱ्यांना सांगायची, मुलगा मेडिकल लाइनला आहे.

त्यानंतरचा टप्पा म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या परीक्षा. या उद्योगात जगभर चालणारं नाणं हेच. एपीआय ५१० प्रेशर वेसलसाठी, ५७० पाइपिंगसाठी, ६५३ साठवण टाक्यांसाठी. लीडच्या जाहिरातींत यातली किमान एक आणि बऱ्याचदा तिन्ही मागतात. पात्रता शिक्षणावर ठरते. इंजिनिअरिंगची पदवी असेल तर १ वर्षाचा संबंधित अनुभव, दोन वर्षांचं तांत्रिक शिक्षण असेल तर २ वर्षं, नुसती बारावी असेल तर ३ वर्षं आणि औपचारिक शिक्षण नसेल तर ५ वर्षं. म्हणजे दार आयटीआयवाल्यालाही बंद नाही, फक्त रांग लांब आहे. ५१० च्या परीक्षेत १७० प्रश्न आणि मधली सुट्टी धरून साडेसात तास. पहिला भाग पाठांतरावर, दुसऱ्यात कोड समोर उघडा असतो. कोड समोर असतो म्हणून सोपं वाटतं ना? दादा सांगतो, परीक्षेच्या हॉलमध्ये पान शोधत बसलेला माणूस आणि लग्नाच्या हॉलमध्ये चप्पल शोधत बसलेला माणूस सारखाच दिसतो. पास झालात तरी सर्टिफिकेट तीन वर्षांचं, पुढे नूतनीकरण. फी डॉलरमध्ये असते, तेव्हा घरी विषय काढताना आधी वडिलांचा मूड बघा.

पुढे जोखमीवर आधारित तपासणीसाठी एपीआय ५८०, झिजेच्या प्रकारांसाठी ५७१, वेल्डिंगसाठी सीएसडब्ल्यूआयपी. ५७१ हे नुसतं वाचायलाही भारी पुस्तक आहे. उपकरणं कशी कशी मरतात याचे साठाहून जास्त प्रकार त्यात वर्णन केलेत. इन्सुलेशनखालचा गंज हा त्यातला आपल्या किनारपट्टीवरचा नेहमीचा चोर. वरून चकचकीत पत्रा, आत ओली लोकर आणि खाली पाइप सडतोय. कार्बन स्टीलला हा धोका साधारण उणे १२ ते १७५ अंश तापमानाच्या टप्प्यात असतो, म्हणजे प्लांटमधले कितीतरी पाइप त्यात आले. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही, पावसाळ्यात कपाटाच्या मागे काय होतं ते त्याने पाहिलेलं असतं.

भारतात काम करायचं तर इथले कायदेही हवेत. बॉयलरसाठी १९२३ चा जुना कायदा होता, त्याच्या जागी २०२५ मध्ये नवा आला. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालय बघतं. दाबाखालचा वायू साठवणाऱ्या वेसलचे परवाने ज्या पेसोकडे असतात तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. तेल उद्योगाची सुरक्षा मानकं ओआयएसडी काढतं, त्यातली १२८, १२९ आणि १३० ही तीन थेट तपासणीची. मुलाखतीला जाताना एपीआय तोंडपाठ आणि ओआयएसडीचं नावही माहीत नाही अशी मुलं येतात, असं ऐकलंय. तुम्ही तसं करू नका.

आणि सुरुवात? सरकारी तेल कंपन्या इंजिनिअर घेतात ते गेटच्या गुणांवर किंवा स्वतःच्या परीक्षेतून. ते जमलं तर सोन्याहून पिवळं. नाही जमलं तर अप्रेंटिसशिप. पदवी आणि डिप्लोमावाल्यांसाठी आपल्या भागाचं बोर्ड मुंबईत शीवला आहे. आणि तेही नाही तर दादाचा रस्ता, कंत्राटदाराकडे टेक्निशियन. त्यात पगार सुरुवातीला यथातथाच, शटडाउनमध्ये बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि राहायला सहा जणांत एक खोली. मी गोड करून सांगत नाहीये.

जे मार्कशीटवर येत नाही

कॉलमच्या आत उतरावं लागतं. मॅनहोल म्हणजे जेमतेम खांदे जातील एवढं भोक. आत ऑक्सिजन किमान १९.५ टक्के आहे, ज्वलनशील वायू नाही, हे मोजून परमिट निघाल्यावरच प्रवेश. बाहेर एक माणूस फक्त तुमच्यावर लक्ष ठेवायला उभा. उंचीची भीती, बंद जागेची भीती असेल तर ती आधी ओळखा, यात लाज काही नाही. डोळे चांगले हवेत. चष्मा चालतो, पण जवळची नजर दरवर्षी तपासली जाते. मुलींचं काय, असं मी विचारलं. दादाच्या मागच्या टीममध्ये एक मुलगी होती, मेटलर्जीची. तो म्हणाला की तिचा अडसर मॅनहोल कधीच नव्हता, प्लांटच्या त्या टोकाला बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं हा होता.

आणि लिहिता यायला हवं. हे ऐकून मला, मास कॉमवालीला, बरं वाटलं. 'पाइप गंजलेला आढळला' हे वाक्य निरुपयोगी आहे. कुठला पाइप, कुठल्या जोडापासून किती अंतरावर, घड्याळाच्या कुठल्या काट्याच्या जागी, किती खोल, किती पसरट, काय करावं आणि कधीपर्यंत. आमच्या पहिल्या वर्षी बातमीचे कोण, काय, कुठे, कधी, का शिकवतात ते वेगळं काय असतं?

आता ती गोष्ट, जी लिहू की नको यावर मी दादाशी आठवडाभर बोलत होते. त्याने परवानगी दिली, प्लांटचं आणि कंपनीचं नाव न लिहिण्याच्या अटीवर.

त्याच्या नोकरीचं दुसरं वर्ष. उंचावरच्या एका पाइप लाइनची चाळीसेक रीडिंग संध्याकाळपर्यंत द्यायची होती. परांची बांधून झाली नव्हती. सुपरवायझर म्हणाला, मागच्या वर्षीची शीट काढ, प्रत्येकातून ०.१ वजा कर आणि भर. दादा तेवीस वर्षांचा, नोकरी टिकवायची होती. त्याने भरली. टेबलवर बसून, चहा पीत, वीस मिनिटांत. काही आकड्यांत ०.२ सुद्धा वजा केले, खरं वाटावं म्हणून.

पुढच्या वर्षी दुसऱ्या टीमने त्या लाइनवर प्रत्यक्ष प्रोब लावला. एका ठिकाणी जाडी त्याच्या आकड्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. घाईने क्लॅम्प बसवला, मग तुकडा बदलला. गळती झाली नाही, कोणाला काही झालं नाही. त्याला कोणी जाबही विचारला नाही, कारण झीज अचानक वाढली असेल असं सगळ्यांनी धरून घेतलं. पण मधलं पूर्ण वर्ष त्या लाइनखालून माणसं ये-जा करत होती आणि शीटच्या तळाशी त्याची सही होती. ती शीट त्याने मला दाखवली. मोबाइलमध्ये फोटो आहे, आठ वर्षं जुना, फोन बदलला तरी त्याने तो नवीन फोनमध्ये घेतलाय.

आज त्याच्या हाताखाली बारा टेक्निशियन असतात. पाळी संपली की तो प्रत्येक शीटमधली दोन-तीन ठिकाणं निवडतो आणि स्वतः जाऊन मोजतो. पोरं वैतागतात. एकदा एकाने विचारलं की सर, भरवसा नाही का. दादा म्हणाला, आहे, पण परांची वेळेवर बांधून मिळते का ते बघतोय.

मागच्या शटडाउनमध्ये एका एक्स्चेंजरवरून त्याची क्लायंटशी जुंपली. दुरुस्तीला तीन दिवस जास्त लागणार होते. युनिट तीन दिवस बंद म्हणजे किती रुपये, हे मीटिंगमध्ये त्याला दोनदा ऐकवलं गेलं. त्याने रीडिंग ठेवली, गणित ठेवलं, रिचमंडच्या अहवालातलं एक पान ठेवलं आणि सांगितलं की उपकरण चालू करायचं असेल तर तसं लेखी द्या, माझ्या शिफारशीखाली तुमची सही येऊ द्या. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तीन दिवस मिळाले. दरवेळी मिळतातच असं नाही, हेही तो लगेच म्हणाला. एका ठिकाणी पुढच्या कंत्राटाला त्याच्या कंपनीला बोलावलंच नाही.

परवा रात्री गच्चीवर गेले तर माहुलची ज्योत नेहमीपेक्षा मोठी होती. पूर्वी माझं लक्षही गेलं नसतं. दादाला फोन लावला, तो गुजरातेत कुठेतरी कामावर होता, मागून कंप्रेसरचा आवाज येत होता. "अगं, एखादं युनिट बंद किंवा चालू करत असतील," तो म्हणाला, "तू झोप. मला अजून दोन ठिकाणं मोजायचीयत."